दाढेतला किडा: परभणीच्या दंतचिकित्सालयातील अनपेक्षित रुग्ण

दंतचिकित्सालयात रुग्णाची नोंद करताना केसपेपरवरील पहिला महत्त्वाचा रकाना ‘मुख्य तक्रार’ हा असतो आणि तो शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत भरावा, असा दंतवैद्यकाच्या शिक्षणातील जुना दंडक आहे. दंडक वरवर कारकुनी वाटतो. परंतु परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम अशा नऊ तालुक्यांच्या आणि २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १८ लाख ३६ हजार लोकसंख्येच्या परभणी जिल्ह्यात या रकान्यात ‘दाढ ठणकायलीय’ याच्या खाली ‘दाढंत किडा हाय’, ‘तोंड उघडंना गेलंय’, ‘वरली दाढ काढू नका, डोळं जातील’ अशी वाक्येही येतात. पाठ्यपुस्तकात न बसणाऱ्या अशा रुग्णास ‘विचित्र’ म्हणून बाजूला काढण्याचा मोह नवशिक्या दंतवैद्यास होतो. प्रत्यक्षात अशा रुग्णाचे वेगळेपण क्वचितच त्याच्या स्वभावात असते. तक्रार एका ठिकाणी, रोग दुसऱ्या ठिकाणी आणि त्याचे कारण तिसऱ्याच ठिकाणी, असे त्याचे दुखणे विखुरलेले असते, आणि या तिन्हींना जोडणारा धागा रुग्णाने आधीच स्वतःच्या समजुतीनुसार विणून आणलेला असतो.

यांतील सर्वांत जुनी समजूत किड्याची. मराठीत दात ‘किडतो’, दाताला ‘कीड लागते’, आणि भाषेनेच असे सांगितल्यावर दाढेतील काळ्या खड्ड्यात एखादा जिवंत किडा बसला आहे असे रुग्णास वाटले तर त्यात नवल नाही. ही कल्पना केवळ मराठवाड्याचीही नाही. दातातील किड्याविरुद्धचा मंत्र प्राचीन बॅबिलोनियाच्या मातीच्या पाटीवर कोरलेला सापडला आहे, आणि युरोपात ही कल्पना अठराव्या शतकापर्यंत विद्वानांतही टिकून होती. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक मानला जाणारा फ्रेंच शल्यवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती अमान्य केली. दात पोखरण्याची खरी प्रक्रिया १८९० साली विलोबी मिलर याने मांडली: तोंडातील सूक्ष्मजंतू साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात, ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण आवरणातील, म्हणजे इनॅमलमधील, क्षार विरघळवते आणि मग आतील मऊ थर, ज्यास डेंटिन म्हणतात, झपाट्याने पोखरला जातो. त्यातील प्रमुख जंतू ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा १९२४ साली क्लार्क या संशोधकाने वेगळा करून दाखवला. म्हणजे दाढेत जीव असतो हे रुग्णाचे म्हणणे अगदीच खोटे नाही. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

मात्र किडा पाहिल्याचे सांगणारे रुग्ण भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. गावोगाव फिरून दातातील कीड काढून देणारे लोक भुईरिंगणीच्या बिया तापलेल्या लोखंडावर टाकून त्यांचा धूर नळीने दुखऱ्या दाढेवर सोडत आणि नंतर तोंडाखाली धरलेल्या पाण्यात पांढरट, बारीक, वाकडे कण तरंगताना दाखवत. युरोपातही हाच प्रयोग खुरासनी ओव्याच्या बियांनी केला जाई, आणि उष्णतेने फुटलेल्या बीमधून बाहेर पडणारा वाकडा अंकुर हाच तो ‘किडा’ असे तेथील अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. भुईरिंगणी आणि खुरासनी ओवा या दोन्ही वनस्पती वांग्याच्या कुळातल्या असणे हा येथील रंजक तपशील. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन समाजांना एकाच कुळाच्या झाडाने एकच भास दाखवला. धुरीनंतर ठणका काही काळ कमी झाल्याचे सांगणारेही भेटतात, त्यामुळे उपाय ‘लागू पडला’ अशी खात्री पटते आणि दाताचा मगज, म्हणजे डेंटिनच्या आतील रक्तवाहिन्या व चेतातंतूंनी भरलेला गाभा, पूर्ण सडेपर्यंत रुग्ण दवाखान्याची पायरी चढत नाही.

याच्या नेमके उलट प्रकरण दंतवैद्यास हादरवते. अंथरुणाला खिळलेल्या, शुद्ध हरपलेल्या किंवा तोंड मिटू न शकणाऱ्या व्यक्तीच्या हिरड्यांवरील जखमेत माशी अंडी घालते आणि काही दिवसांत तेथे खरोखरच अळ्या वळवळू लागतात. वैद्यकात यास ‘मायासिस’ म्हणतात. अशा वेळी नातेवाईक किड्याची नव्हे, तर दुर्गंधीची तक्रार घेऊन येतात. टर्पेंटाइनच्या तेलाचा बोळा जखमेवर धरून बाहेर येणाऱ्या अळ्या चिमट्याने एकेक उचलाव्या लागतात, आणि एका भेटीत त्या संपतीलच असे नसते. किडा असल्याचे सांगणाऱ्याच्या दाढेत किडा नसतो आणि जेथे तो असतो तेथे त्याचे नाव कोणी घेत नाही, हा विरोधाभास या शाखेत काम करणाऱ्यास लवकरच परिचयाचा होतो.

‘तोंड उघडंना गेलंय’ ही तक्रार मात्र संख्येने वाढत गेलेली आहे आणि तिचे रुग्ण वयाने लहान होत चालले आहेत, म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. निरोगी प्रौढ व्यक्तीचे तोंड वरच्या आणि खालच्या पुढील दातांमध्ये साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. खुर्चीवर बसल्याबसल्या करता येणारी सोपी चाचणी म्हणजे रुग्णाने स्वतःचीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहणे. ज्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत तो रुग्ण दाढ काढण्यासाठी येतो आणि दाढेपर्यंत चिमटा पोचतच नाही, अशी अडचण होऊन बसते. विचारणा केल्यावर समजते की सुरुवात वर्षा-दोन वर्षांपूर्वी ठेच्याने झाली होती: तिखट सहन होईना, तोंडाची आग होऊ लागली, मग भाकरीचा घास लहान करावा लागला, आणि जबडा आखडत गेला तो कळलाच नाही. गालाची आतील बाजू संगमरवरासारखी पांढुरकी झालेली असते आणि बोट फिरवल्यास कातडीखाली ताणलेल्या दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात.

या विकारास ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात, म्हणजे तोंडाच्या आतील अस्तराखाली तंतूंचा थर साठून ते ताठ होणे. त्याची आधुनिक नोंद भारतात नव्हे तर केनियात झाली: १९५२ साली श्वार्त्झ याने तेथील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो पाहिला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींवरील अशा तंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले. मुख्य कारण सुपारी हे आता निर्विवाद आहे. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य तंतू तयार करणाऱ्या पेशींना उत्तेजित करते, तिच्यातील तांबे त्या तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधणाऱ्या विकराचे काम वाढवते आणि टॅनिन त्यांची नैसर्गिक झीज रोखते. चामडे कमावताना झाडाच्या सालीतील ज्या प्रकारचे द्रव्य वापरतात, त्याच वर्गातील द्रव्य येथे जिवंत गालावर काम करत असते. विडा खाणाऱ्या जुन्या पिढीत हा विकार तुलनेने कमी आणि उशिरा दिसे. गुटख्याच्या पुडीत कोरड्या सुपारीचे प्रमाण जास्त, भाव परवडणारा आणि पुडी शाळेच्या दप्तरातही मावणारी, म्हणून तो विशीतल्या तरुणांत दिसू लागला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि पुढे ती नव्याने लागू होत राहिली. तरीही केसपेपरवर सवयीच्या रकान्यात ‘पुडी’ हा शब्द लिहिण्याचे थांबलेले नाही, आणि सुगंधी सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पाकिटांत घेऊन तळहातावर एकत्र करण्याची युक्ती शिकवायला कोणत्याही शाळेची गरज पडली नाही.

हा विकार कर्करोगाच्या वाटेवरचा मानला जातो. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. पेमास्टर यांनी १९५६ सालीच त्याचा गालाच्या कर्करोगाशी असलेला संबंध नोंदवला होता, आणि केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केल्यावर त्यांपैकी ७.६ टक्क्यांत कर्करोग झाल्याचे आढळले. सुपारी सोडल्याने विकार पुढे सरकणे मंदावते. परंतु एकदा ताठलेले अस्तर पूर्ववत होत नाही, आणि व्यायाम, इंजेक्शने किंवा शस्त्रक्रिया यांनी मिळवलेले काही मिलिमीटर जपण्यासाठी रुग्णास रोज लाकडी पट्ट्या दातांत धरून जबडा ताणावा लागतो. दाढेसाठी आलेल्या तरुणास हे सर्व त्याच बैठकीत सांगायचे असते आणि त्याची दाढ तर अजून ठणकतच असते.

तंबाखूचा दुसरा प्रकार स्त्रियांच्या तोंडात दिसतो आणि त्याविषयी विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड, म्हणजे मिसरी किंवा मशेरी, सकाळी दात घासण्यासाठी म्हणून सुरू होते; अनेकींची सुरुवात दाढदुखीवरचा घरगुती उपाय म्हणून सासू किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून झालेली असते, आणि पुढे शौचाला जाण्यापूर्वी, शेतावर निघताना, दुपारी भाकरीनंतर अशी ती दिवसातून चार-पाच वेळा लागते. तक्रार ‘दातं शिवशिवायलेत’ एवढीच असते. हिरड्या मागे सरून मुळे उघडी पडलेली, पुढील दातांच्या मानेशी खाचा झालेल्या, आणि नेमके जेथे बोट फिरते तेथेच. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे, तर धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के असल्याचे आढळले. या राज्यातील तंबाखूचा प्रश्न फुप्फुसाआधी तोंडाचा आहे, हे दंतवैद्यास आकडेवारी येण्यापूर्वीपासून ठाऊक होते. मिसरी सोडण्यास सांगितल्यावर ‘मग दात कशानं घासू?’ हा येणारा प्रश्न प्रामाणिक असतो, कारण तिच्या लेखी ते व्यसन नसून मंजन असते.

काही समजुतींचा उलगडा थोडक्यात होतो. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते असे मानणाऱ्या रुग्णास सांगावे लागते की दातांना संवेदना देणारी चेता ही मेंदूतून निघणाऱ्या चेतांपैकी पाचवी असून तिच्या तीन शाखा डोळ्याभोवती, वरच्या जबड्यात आणि खालच्या जबड्यात जातात, तर पाहण्याचे काम दुसऱ्या क्रमांकाची, सर्वस्वी वेगळी चेता करते. दुखणे एकाच बाजूला डोळ्यापर्यंत चढते याचे कारण शाखा एका मुळाच्या आहेत हे, डोळा धोक्यात आहे हे नव्हे. दात स्वच्छ केल्याने ते हलू लागतात ही तक्रार अधिक अवघड आहे, कारण ती डोळ्यांनी पाहिलेली असते. वर्षानुवर्षे साठलेले किटण सिमेंटसारखे दातांना एकमेकांशी बांधून ठेवते, त्याखाली हाड झिजत जाते, आणि किटण निघाल्यावर आधीच सैल झालेला दात प्रथमच हलताना जाणवतो. रुग्णाच्या दृष्टीने क्रम स्पष्ट असतो: आधी दवाखाना, मग हालणारे दात. म्हणून अनुभवी दंतवैद्य स्वच्छतेपूर्वीच आरसा हातात देऊन कोणता दात किती हलतो हे दाखवून ठेवतात.

दात घेऊनच जन्मलेले बाळ हा आणखी एक प्रसंग. साधारण दोन ते तीन हजार जन्मांमागे एका बाळाच्या हिरडीवर जन्मतःच दात दिसतो, बहुधा खालच्या जबड्यात पुढे, आणि बहुतेक वेळा तो जास्तीचा नसून नेहमीचाच दुधाचा दात लवकर उगवलेला असतो. वरचे दात आधी आले तर मामाला जड, अशी महाराष्ट्रात समजूत आहेच. त्यामुळे जन्मतः दात दिसल्यावर बाळंतिणीच्या माहेरची मंडळी धास्तावतात आणि तो लगेच उपटून टाकण्याचा आग्रह धरतात. दात घट्ट असेल, दूध पिताना अडथळा नसेल आणि जिभेखाली जखम होत नसेल तर तो राहू द्यावा. सैल असून श्वासमार्गात जाण्याची भीती असेल तर काढावा, एवढाच वैद्यकीय निकष आहे आणि त्यात मामाचा विचार केलेला नाही.

दुखणे एका जागी आणि कारण दुसऱ्या जागी असणे याचा सर्वांत क्रूर नमुना म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या चेतेचा शूळ, अर्थात ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’. या रुग्णास चेहरा धुताना, दाढी करताना किंवा थंड वारा गालाला लागताच विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ येते, आणि कळ दाढेतूनच निघते अशी त्याची पक्की खात्री असते. बहुधा चेतेच्या मुळावर एखादी रक्तवाहिनी दाबून तिचे आवरण झिजवते, हे त्यामागील कारण. दाढ निर्दोष असते. तरीही रुग्णाच्या आग्रहावरून एकेक निरोगी दाढ काढली जाते, कळ शेजारच्या दाढेत ‘सरकते’, आणि अखेर एका बाजूचा जबडा मोकळा झाल्यावरही वेदना तेथेच राहते. या शूळावर कार्बामाझेपाइन हे औषध १९६२ पासून वापरात आहे आणि त्याला मिळणारा प्रतिसाद जवळजवळ निदानाइतकाच बोलका असतो. अशाच फसव्या दुखण्यात हृदयाचाही समावेश करावा लागतो: डाव्या खालच्या जबड्यातील जे दुखणे गार पाण्याने वाढत नाही, परंतु जिना चढताना किंवा पोते उचलताना येते आणि थांबल्यावर ओसरते, ते दाताचे समजून वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. तोंडात आरसा घालण्यापूर्वी ‘कवा दुखतंय?’ असे विचारणारा दंतवैद्य अशा रुग्णास थेट रुग्णालयात पाठवतो.

चिकित्सालयाच्या नोंदींत ‘उपचार अर्धवट’ असा शेरा ज्यांच्या नावापुढे वारंवार पडतो ते रुग्ण विचित्र नव्हेत, हंगामी आहेत. बालाघाटच्या कडेने असलेल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि परतीची वाट होळी-पाडव्याच्या सुमारास दिसते. रूट कॅनाल म्हणजे दाढेतील सडलेला मगज काढून पोकळी स्वच्छ करणे, तीत औषध ठेवणे, मग ती कायमची भरणे आणि ठिसूळ झालेल्या दाढेवर टोपी बसवणे. त्यासाठी काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन भेटी लागतात. तात्पुरती भरलेली पांढरी लांबी काही आठवडेच टिकते, आणि फडातून पाच महिन्यांनी परतलेल्या रुग्णाची दाढ तोवर उभी चिरलेली असते. म्हणून ‘काढूनच टाका’ म्हणणाऱ्या मजुरास अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. एका भेटीत संपणारा, पुन्हा दुखणार नाही असा आणि मुकादमाकडे रजा मागावी न लागणारा उपचार तो निवडत असतो; त्याच्या दिनदर्शिकेत बसणारी दुसरी पद्धत त्याला कोणी देऊ केलेली नसते. याच गरजेतून रस्त्याकडेला बसून तारेने आणि घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिकने खोटा दात शेजारच्या दातांना कायमचा चिकटवून देणाऱ्यांचा धंदा चालतो. कायद्यानुसार नोंदणीशिवाय असा व्यवसाय करता येत नाही. पण अशा दाताखाली सडलेली हिरडी घेऊन रुग्ण येतो तेव्हा त्याला कायद्यापेक्षा त्या दाताची काळजी असते, आणि ‘खालचं साफ करा, पण दात तसाच ठेवा’ ही त्याची अट असते.

२०२१च्या उन्हाळ्यात मात्र मुख्य तक्रारीच्या रकान्यात असे काही आले की ज्याला कोणतीच जुनी समजूत लावता येईना. कोविडमधून नुकत्याच बऱ्या झालेल्या प्रौढांचे वरच्या जबड्यातील एका बाजूचे निरोगी, कीड नसलेले दात एकदम हलू लागले, गाल बधिर झाला, टाळूवर काळा डाग दिसू लागला. म्युकरमायकोसिस, लोकांच्या भाषेत काळी बुरशी, ही हवेतील आणि मातीतील सर्वत्र आढळणाऱ्या बुरशीची लागण होती. अनियंत्रित मधुमेह आणि उपचारात दिलेली स्टिरॉइड्स यांच्या संगतीने ती नाकाशेजारच्या पोकळीत रुजून रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बंद पाडते, आणि रक्तपुरवठा तुटलेले हाड मरते. दात हलतो तो हिरडी सुजली म्हणून नव्हे, तर ज्या हाडात तो रोवलेला असतो तेच मेलेले असते म्हणून. महाराष्ट्र हे या रोगाचा मोठा भार सोसलेल्या राज्यांपैकी एक होते. अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध आणि मेलेल्या हाडाची तातडीने छाटणी हाच मुख्य उपाय असल्याने, हलणाऱ्या दातास ‘पायरिया’ समजून गोळ्या देण्यात गेलेला प्रत्येक दिवस डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकणाऱ्या बुरशीच्या फायद्याचा होता.

त्यातून वाचलेल्या अनेकांचा वरचा जबडा अर्धा किंवा पूर्ण काढावा लागला, आणि तेच रुग्ण पुढे वेगळी तक्रार घेऊन दंतचिकित्सालयात येऊ लागले: ‘पाणी पिलं की नाकातून येतंय.’ तोंड आणि नाक यांच्यामधील छत गेल्यावर घोट गिळता येत नाही आणि शब्दही निसटतात. त्यासाठी टाळूचे भोक बुजवणारी कवळी करावी लागते. ‘ऑब्च्युरेटर’ म्हणून ओळखली जाणारी ही युक्ती सोळाव्या शतकात आंब्रोआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याच्या लेखनातही आढळते. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, त्यामुळे कृत्रिम दंतशास्त्र जाणणारा हात शोधण्यासाठी येथील रुग्णास प्रत्येक वेळी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागत नाही. तरीही ही कवळी एका मापात होत नाही. जखम भरताना पोकळीचा आकार बदलत राहतो, कडेला थोडे मऊ द्रव्य लावून पुन्हा तासावे लागते, आणि ती बसली की नाही हे आरशात पाहून कळत नाही. हवा नाकात निसटत असेल तर ओठ मिटून उच्चारायचा ‘ब’ हा ‘म’ होऊन बाहेर पडतो. म्हणून तंत्रज्ञ रुग्णास ‘बाबा’ म्हणायला लावतो, ‘मामा’ ऐकू आले की कवळी काढून कडेवर आणखी एक थर चढवतो, आणि शब्द ‘बाबा’ असा ऐकू आल्यावरच पाण्याचा पेला त्याच्या हातात देतो.